सातारकर

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या मराठी मंडळात सुबोधला सगळे ‘सातारकर’ म्हणत आणि त्याला ते फार आवडे. या सपाट देशात डोंगराच्या गावचा माणूस म्हणजे काय, हे तो दर पार्टीत कुणाला ना कुणाला ऐकवी. शेवटी मंडळानं कंटाळून त्याचं रीतसर व्याख्यानच ठेवलं. साताऱ्याचा इतिहास, रविवारी दुपारी, चहासकट.

सुरुवात झकास झाली. औरंगजेबाचा वेढा, सुरुंगाचा स्फोट, ढिगाऱ्याखाली गाडला जाऊनही जिवंत निघालेला किल्लेदार प्रयागजी प्रभू. हॉल चिडीचूप. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं, पण माइक हातात होता.

“आम्ही सातारची पोरं शाळेआधी अजिंक्यताऱ्यावर पळत जाऊन यायचो! उंचीची भीती माहीतच नाही.”

त्याच्या बायकोनं, शर्मिलानं, चहाच्या कपात तोंड खुपसलं. घरातले बल्ब शिडीवर चढून तीच बदलायची.

पहिल्या रांगेतून पांढऱ्या केसांच्या एक बाई उठल्या. लेकीकडे राहायला आल्या होत्या. “सुबोध, ओळखलंस? मी जयंतीबाई. चौथी ब.”

सुबोधनं घाईघाईनं पुढची स्लाइड लावली.

“सहलीत हा किल्ल्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत आला,” बाई कौतुकानं हॉलला सांगू लागल्या. “तिथून सगळा सातारा खाली दिसतो. यानं बघितला आणि एका भिंतीला जो चिकटला, तो सुटेचना! पाठुंगळी घेऊन उतरवला. खाली गावात पोवई नाक्यापर्यंत डोळे गच्च मिटलेले. भेळ दिली तेव्हा उघडले.”

हॉल खदखदला. एरवी मराठी कार्यक्रमात मोबाइलमधून मान वर न काढणारी त्याची लेक मृण्मयी चक्क हसत ओरडली, “बाबा, रिअली?”

“रिअली,” सुबोध म्हणाला आणि त्यानं माइक बाईंना देऊन टाकला. मोती चौक, राजवाडा, तिथली माणसं, बाई रंगून सांगत राहिल्या. सुबोध मुकाट्यानं स्लाइड पुढे सरकवत होता.

“हा अजिंक्यतारा नाही, सज्जनगड आहे, बाळ,” त्या मधेच म्हणाल्या.

“हो, बाई.”

संध्याकाळी तो त्यांना घरी सोडायला निघाला. वाटेत कालव्यावरचा कमानीचा पूल लागला.

“इथं काय चढतोस मग?”

“हाच पूल, बाई. तोही सायकलवरून उतरून.”

बाईंनी हात पुढे केला. मंडळाचं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून सुबोधनं तो धरला.