शीतलनाथांचा बर्फ

झाकण उघडलं आणि मांडवभर "अहाहा!" झालं. भांडगावात मे महिन्याचं ऊन पत्र्यातून खाली ओतत होतं, वीज गेलेली, आणि त्या भल्यामोठ्या शिसवी पेटीत परवा भरलेला बर्फ तसाच्या तसा!

"ही पेटी न्हाई, बाळांनो, हिमालयाची कूस हाय!" शीतलनाथ महाराज गरजले. "माझ्या तपापुढं बर्फाची वितळायची हिंमत न्हाई, तिथं तुमच्या रक्तातली साखर काय चीज हाय? सुया फेका, माझं तीर्थ प्या!" आणि लगेच झाकण बंद. हिमालयालाही ऊन लागत असावं.

मी मात्र करिश्माकडं बघत होते. माझी भाची, नववीतली, रोज इन्सुलिन घेणारी. आईच्या मांडीवर ती लवंडली होती. ओठ सुकलेले, धाप लागलेली, श्वासाला सडक्या फळाचा वास.

"ताई, इन्सुलिन कधी बंद केलंस?"

"परवा. महाराज म्हणाले..." सुलक्षणाताईनं मान खाली घातली. "सारखं पाणी मागती, उलट्या करती. आतली उष्णता बाहेर पडती म्हणत्यात."

"हिला आत्ता दौंडला न्यायला पायजे. उशीर केला तर पोरगी जाईल!"

ताईचे सासरे, मारुतराव, आडवे आले; त्यांना आम्ही आबा म्हणतो. गाडीची किल्ली त्यांच्या मुठीत होती. "सविता, या उन्हात बर्फ टिकतोय, त्यो काय उगंच? आधी ते सांग, मग गाडी."

वाद घालायला वेळ कुठं होता! मी सणसवाडीच्या कारखान्यात आइसबॉक्सचं डिझाइन करते. सरळ पुढं गेले, झाकण उघडलं आणि बर्फाचा खडा महाराजांच्या तळहातावर ठेवला.

"महाराज, आता इथं वितळू देऊ नका."

पाणी मनगटावरून कफनीच्या बाहीत उतरू लागलं. "अविश्वासाचा ताप हाय ह्यो!" महाराज ओरडले. बर्फ वितळतच राहिला.

"आबा, वीत घाला. पेटी बाहेरून केवढी, आतून केवढी?"

आबांनी बाहेरून मोजलं, मग आतून. त्यांचा चेहरा बदलला. "आत निम्मीच हाय की!"

"मग बाकीची गेली कुठं? किल्ली द्या." आतल्या पत्र्याची कड मी किल्लीनं उचकटली. पिवळा फोम दिसला. "हा पफ. ह्याच्या बारीक बारीक फुग्यांत वायू कोंडलेला असतो, त्यातून उष्णता लवकर आत शिरत न्हाई. थर्माकोलपेक्षा भारी, पण महाग. थर जाड केला की बर्फ जास्त टिकतो, पण जागा कमी होते. आमच्याकडं रोज ह्याच्यावरनं भांडणं होतात. आन् झाकण लगेच का लावतात? गरम हवा आत जाऊ नये म्हणून!"

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी किल्ली माझ्या हातातून ओढली आणि नातीला उचललं.

दौंडला डॉक्टरांनी लगेच सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी करिश्मा म्हणाली, "मावशी, भूक लागलीय," तेव्हा ताई भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

"पेटी खोटी निघाली गं," आबा पुटपुटले.

"पेटी खरीच हाय, आबा. बर्फही खरा. पण बर्फ टिकला म्हणून साखर कशी उतरंल, हे कुणी विचारलं का?"

महिनाभरानं महाराजांनी शिरूरला मांडव टाकल्याचं कळलं, तसे आबा नातीला घेऊन निघाले. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "ही माझी नात. हिची सुई आम्ही बंद केली, पोरगी मरता मरता वाचली. कळत न्हाई ते विचारा, तपासून बघा. आन् चालू औषध बंद कर म्हणणारा कुणी भेटला, तर तिथनं उठा."