पहिला आकडा

डॉक्टरकडे जायला हिलालने इस्त्रीचा शर्ट चढवला, तरी त्याच्या लेकीला, नूतनला, चैन पडेना. डॉक्टरकडे चला म्हणून तीन वर्षं तिने बापाच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. निंबाकाका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीला हात लावून गेला, तरी हा माणूस ढिम्म. आणि काल एका आकड्याने त्याची झोप उडवली: कोलेस्टेरॉल तीनशे नव्वद!

आकडा नूतनच्याच पट्टीने दाखवलेला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती कोलेस्टेरॉल मोजायची पट्टी बनवत होती. काल दुपारी पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापड मिलच्या गेटवर, तिने बापाला गाठलं. ब्लीचिंग खात्यातला माणूस, घाईत. कमरेच्या निळ्या फडक्याला हात पुसले आणि बोट पुढे केलं. तिनेही तसंच टोचलं. एम.एस्सी. झालेल्या पोरीची अक्कल तेवढ्यात कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

आज ते निळं फडकं दोरीवर दिसलं. पांढऱ्या डागांनी भरलेलं. कापड उजळायचं पेरॉक्साइड! तिची पट्टी कोलेस्टेरॉल थेट मोजतच नव्हती. पट्टीवरचं एन्झाइम कोलेस्टेरॉलवर काम करतं, त्यातून इवलंसं पेरॉक्साइड तयार होतं आणि यंत्र मोजतं ते तेच. बापाच्या बोटावर तर ते आयतंच होतं.

गप्प बसलं तर बाप डॉक्टरकडे जाणार. सांगितलं तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ती आत गेली, बाहेर आली, पाणी प्यायली, चप्पल घालून परत काढली.

“तुले काय व्हयनं वं? इतली का फिरी ऱ्हायनी?” आई, सुभद्राबाई, वैतागली.

नूतनला राहवेना. “आबा, कालना आकडा खोटा शे. तुमना हातले पेरॉक्साइड व्हतं, तेच पट्टीनी मोजं.”

“मंग मी बरा शे!” हिलालने लगेच शर्टाची बटणं सोडायला घेतली. खरं बोलून नूतनने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

तिसऱ्या बटणावर तो थांबला. मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ पंच्याला पुसले आणि बोट पुढे केलं.

“कापडनी शेड जुयनी नही ते आम्ही आख्खा लॉट फेकतस का? परत सँपल काढतस. काढ.”

पिशवीत यंत्र होतंच. या वेळी तिने बोट स्पिरिटनेही पुसलं, वाळू दिलं, मग टोचलं. यंत्र आकडा दाखवेपर्यंत तिघांपैकी कोणी बसलं नाही.

दोनशे एकाहत्तर. कालच्यापेक्षा खूप कमी, पण दोनशेच्या आत हवा, म्हणजे चांगला नव्हेच.

“हाई बी खोटंच व्हई,” हिलाल म्हणाला. आवाजात मात्र जोर नव्हता.

“आबा, पह्यला खोटा व्हता, हाई तुमले कोनी सांगं? मीच ना!”

हिलाल खाली मान घालून सोडलेली बटणं लावू लागला. शेवटचं बटण नूतनने लावलं.