पहिले बैलाले

दुपारपासूनच आभाळ काळंनिळं झालं होतं. खुशालराव गोठ्यात आपल्या शंकरपटाच्या, शर्यतीच्या बैलाचं अंग चोळत होता आणि त्याची बायको मैनाबाई शेण भरत होती. तेवढ्यात असा वारा सुटला, की छपरावरचा गंजका टिन उखडला आणि थेट बैलाच्या खांद्यावर येऊन आदळला. बैल उधळला. पटावर मिशीला पीळ देणारा आमचा खुशालराव आधी भिंतीआड झाला. टिन ओढून काढला तो मैनाबाईनं, शेणाच्याच हातांनी. तिचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला.

"बैलाले लागलं वं!" खुशालराव भिंतीमागून बोंबलला.

"माह्याबी हात फाटला, पाहा."

"हयद दाब त्याच्यावर. बैलाले धनुर्वात झाला त काय करू मी?"

धनुर्वात म्हणजे काय, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आदल्या साली त्याचा एक बैल धनुर्वातानंच गेला. जबडा बसला, चारही पाय खांबासारखे ताठ झाले. तेव्हा खुशालराव पारावर बसून धाय मोकलून रडला आणि भेटेल त्याला "धनुर्वात, धनुर्वात" सांगत सुटला. त्याच्याही आधी त्याची सख्खी भावजय माणिकबाई पायाला विळा लागून तशीच गेली होती. दात बसलेले, पाठ कमानीसारखी वाकलेली. तिला काय झालं होतं? बाहेरचं! हाच म्हणाला होता. लिंबू उतरवलं, धूप जाळला. दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही.

वारा पडताच त्यानं बैल हिवरखेडच्या ढोरांच्या दवाखान्याच्या वाटेला लावला. आमच्या गावाहून ते कोसभरच. मैनाबाईनं त्या बैलाला वासरापासून वाढवलेलं. तिच्याशिवाय तो कोणाला आवरत नसे. म्हणून तिला सोबत घेतलं, नाहीतर कशाला घेतो! लुगड्याची चिंधी हाताला गुंडाळून ती चिखल तुडवत निघाली.

ढोरांच्या डॉक्टरनं बैलाची जखम धुतली, धनुर्वाताची सुई दिली. मग त्याची नजर रक्तानं भिजलेल्या चिंधीवर गेली.

"बाई, हाताला काय झालं?"

"तिचं राहू द्या सायेब," खुशालराव मधेच म्हणाला. "बाईमानसाचं आपोआप भरून येते. बैलाले उद्या सरकीची ढेप चालन का, ते सांगा."

मैनाबाई पुढे झाली. "सायेब, बैलाले ही सुई नसती देल्ली त?"

"शेणामातीत त्या रोगाचं बी असतं. जखमेतून ते अंगात गेलं, की आधी जबडा बसतो, मग सारं अंग आखडतं. रोग एकदा उठला की सुईनं फारसं काही होत नाही. म्हणून ती आधी द्यायची."

"आन् मानसाले?"

"माणसालाही तेच. तुम्ही आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा."

मैनाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. माणिकबाईची ती वाकलेली पाठ तिनं आपल्या हातांनी धरली होती.

"बाहेरचं म्हने!" ती एवढंच बोलली आणि कासरा त्याच्या हातात कोंबला. "धरा. तुमचा दवाखाना झाला. मी मानसाच्या दवाखान्यात जातो."

"अवं, तो मले मारते! आन् घरी सैपाक कोन करन?"

"बैलाले इचारा!"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं जखमेतली शेणाची कणी न कणी काढली, हात साबणानं धुतला आणि सुई दिली. "हळदीनं धनुर्वात थांबत नाही," तो म्हणाला. "महिन्यानं लशीच्या सुईला परत या. पुढेही काही वर्षांनी घ्यावी लागेल. आणि लागायची वाट कशाला पाहता? शेतात, गोठ्यात राबणाऱ्यानं लस आधीच घेऊन ठेवावी."

सुई काही दुखली नाही, तरी मैनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. माणिकबाई गेली तेव्हा तिच्याच वयाची होती.

बाहेर बैलानं खुशालरावला सारा बाजार फिरवला होता. शेवटी तो निंबाच्या झाडाला मिठी मारून उभा होता आणि पोट्टे टाळ्या पिटत होते.

पण लाज असती तर तो खुशालराव कसला! दोन-चार दिवसांत बैल चरायला लागला, तशी गावात पारावर खुशालरावची जीभ सुटली.

"आपन काई जुन्या चालीचे नाई, भाऊ! बायकोच्या हाताले जरासं लागलं, त लगेच दवाखान्यात नेलं. कोनं? म्यानं!"

मैनाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तिथूनच चालली होती. हाताला पट्टी होती. ती थांबली.

"नेलं नं," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू? नेलं यायनं. ढोराच्या दवाखान्यात."

सारा पार खदखदून हसला. मैनाबाई हसली नाही. शेजारची कौशल्या विहिरीवर पाणी काढत होती, तिला तिनं हाक मारली.

"कौशल्या, दुसऱ्या सुईले जाईन तवा तूबी चाल माह्यासंगं. या लोकायच्या भरवशावर राहू नको. यायले धनुर्वात फकस्त बैलाचाच समजते."