तिसऱ्या खिडकीची कडी

"कडी आपोआप निघत नाही, काका. रोज कुणीतरी ही तिसरी खिडकी उघडतंय," अभियंताबाई म्हणाल्या.

काकांनी कडी चाचपून पाहिली. जुन्या प्रार्थनागृहाच्या किल्ल्या वर्षानुवर्षं त्यांच्याच कमरेला होत्या. ओलीनं भिंतींवरच्या चित्रांचे पोपडे निघायला लागले, म्हणून बाईंनी सगळ्या खिडक्यांना काचा बसवून घेतल्या. चित्रं सावरली. पण आत बसणाऱ्यांचा जीव गुदमरायला लागला.

"एखादी तरी उघडी ठेवू या का?"

"एक उघडली की भिंत गेली, काका. आणि जबाबदारी तुमची."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. काचांवरून तणतणणारे गुरुजी? की झाडूवाली? का बाईच आपल्याला काढायला निमित्त शोधताहेत? त्यांनी झाडूवालीला आडून आडून विचारलं. ती फणकारली, "सरळ आळच घ्या की!" गुरुजींनी तर बोलणंच टाकलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय. सोडणार नाही मी त्याला," घरी ते बायकोला म्हणाले. ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारची प्रार्थना संपली, तेव्हा काका खांबाआड उभे होते. माणसं पांगली. मागे राहिलेली एक बाई बाकावर चढली, कडी काढून तिनं फटीला तोंड लावलं आणि हावऱ्यासारखी श्वास घेऊ लागली. पाठ ओळखीची होती.

"तू?"

ती दचकली. धाप आवरत म्हणाली, "छाती भरून येते हो. काचा लागल्यापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही येऊच दिलं नसतंत. आईच्या मांडीवर असल्यापासून बसतेय मी इथं."

काका बाकावर बसले. साऱ्या जगावर संशय घेतला आणि घरातलं माणूस धापा टाकतंय हे दिसलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी आधी झाडूवालीची माफी मागितली, मग अभियंताबाईंच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"खिडकी मीच उघडत होतो."

"काका, खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि जुडगा खणात टाकला.

पुढच्या प्रार्थनेला दोघं नवराबायको बाहेर पायरीवर बसली. काचेपलीकडे माणसांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. ती त्या ओठांकडे बघून पुटपुटत होती. ओळ चुकली की काका हळूच पुढचा शब्द सांगत.