कोपऱ्यावरचा चामड्याचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना अँटिव्हायरस आहे. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझं नाव तेवढं जुनं. बाकी माझ्यातलं बरंचसं मागच्याच आठवड्यात आलेलं आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात 'अपडेट करा, अपडेट करा' अशी भुणभुण लावणारा जो कुणी असतो, तो माझाच भाऊबंद. आम्ही कुणालाच फारसे आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म अठरा वर्षांपूर्वी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथे सात प्रोग्रामर दिवसभर पाठ वाकवून बसत. व्हायरस म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरणारे आणि नासधूस करणारे प्रोग्राम. ते सातजण असे व्हायरस पकडून आणत, त्यांच्या खाणाखुणा टिपत आणि ती यादी माझ्या हाती देत. यादीतला कुणी दिसला की त्याची मानगूट धरायची, एवढंच मला तेव्हा येत असे. मग मला एका चकचकीत सीडीवर भरलं आणि ढालीचं चित्र असलेल्या खोक्यात घालून विकायला पाठवलं. त्या ढालीमुळे मी उगाचच फुशारलो होतो.

ते खोकं बूटकाकांच्या दुकानात आलं. बूटकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात, कुणाचा एक आखूड, कुणाची टाच वाकडी, अशा मुलांसाठी ते बूट करतात. पुढच्या खोलीत मापं घेतात; मागच्या खोलीत लाकडी साचे, चामड्याच्या गुंडाळ्या आणि गोंदाचा वास. कॉम्प्युटर त्यांच्या पुतणीनं आणला होता. मुलांच्या पायांची मापं आणि चित्रं ती त्यात जपून ठेवायची.

"हा काय करणार?" मला बसवताना काकांनी विचारलं.

"राखण करेल," पुतणी म्हणाली.

"मग बसू दे कोपऱ्यात. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही म्हणावं."

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मी तपासणीला लागलो की कॉम्प्युटर मुंगीच्या चालीनं चालायचा आणि पुतणी तेवढ्यात चार बुटांना नाड्या ओवून घ्यायची. चोरांची नवी यादी आठवड्यातून एकदा यायची. पुढे ती रोज येऊ लागली, मग तासातासाला. चोर वेश बदलायला शिकले, तसं मलाही नवं शिकवलं गेलं. यादीत नाव नसलं तरी कुणाचं वागणं संशयास्पद आहे, हे मी ओळखू लागलो. एकदा या नव्या विद्येच्या भरात मी काकांच्या माप घेण्याच्या प्रोग्रामलाच चोर ठरवून कोंडून ठेवलं. तो दिवस आठवला की अजून लाज वाटते. त्या सातजणांनी दुसऱ्याच दिवशी माझी ती खोड दुरुस्त केली, पण काकांच्या मनातून मी उतरलो तो उतरलोच.

काकांचा एक नियम होता. दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाचं माप नव्यानं घ्यायचं. आईबाप कुरकुरायचे, बूट अजून चांगला आहे, काढेल की वर्षभर. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "बूट चांगलाच आहे हो. पाय मोठा झालाय, त्याचं काय करू?" हे वाक्य मी किमान हजार वेळा ऐकलं असेल.

आणि तेच काका माझ्या बाबतीत मात्र वेगळं वागले. झालं असं, की एक महाचळवळ्या मुलगा कधी नव्हे तो पायाचं माप टिपणाऱ्या यंत्राच्या काचेवर स्थिर उभा राहिला होता. काकांनी अर्धा तास त्याला गोष्टी सांगून तिथवर आणलं होतं. नेमकं तेव्हाच माझं अपडेट पुरं झालं आणि मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मुलगा पसार झाला. काकांनी मला जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विनवणीवर 'नंतर' हेच बटण दाबलं जाऊ लागलं. मी नेटानं विनवत राहिलो, तेव्हा काकांनी चामड्याचा एक तुकडा कापला, त्याला बुटाचा गोंद लावला आणि पडद्याच्या बरोबर माझ्या कोपऱ्यावर चिकटवला. पायाचं चित्र त्यांनी थोडं डावीकडे सरकवून घेतलं. पुतणी हसली आणि तिनंही ते चालवून घेतलं. असे चौदा महिने गेले. मला फार वाईट वाटायचं. बाहेर नवे चोर जन्माला येत होते आणि मी मागल्या साली ओळखलेल्यांचीच तोंडं पाठ करत बसलो होतो.

आता शिट्टीबद्दल सांगतो. ही नऊ वर्षांची मुलगी, डावा पाय आखूड. दुकानात शिरताना ती शिट्टी वाजवते, म्हणून हे नाव. ती तीन वर्षांची असल्यापासूनचे तिचे बूट काकांनीच केलेत. एका सोमवारी ती शिट्टी न वाजवता आत आली.

तिची आई म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय. सहा वर्षांची सगळी मापं मागितलीत. दोन पायांतला फरक वाढत चाललाय की कमी होतोय, ते बघून ऑपरेशनचं ठरवणार. एक्स-रे या पेनड्राइव्हमध्ये आहेत, त्यातच मापंही भरून द्या."

पुतणीनं पेनड्राइव्ह लावला. एक्स-रेच्या सोबत एक चोरही आत आला. मी त्याला पाहिलं, मित्रांनो. सरळ माझ्यासमोरून गेला. त्याचा चेहरा माझ्या यादीत नव्हता आणि त्याची चाल मला शिकवलेल्या कुठल्याच चालीसारखी नव्हती. मी त्याला जाऊ दिलं.

तो जुन्या फायलींपासून एकेकीला कुलूप लावत सुटला. शिट्टीचं पहिलं माप पुतणीनं उघडायला घेतलं, ते उघडेना. दुसरं उघडेना. तिनं सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं आणि वायरही उपटली. त्या दिवशी खरी राखण तिनं केली, मी नाही.

बुधवारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताई आल्या. शिट्टी आणि तिची आईही येऊन बसल्या होत्या. ताईंनी चोराला हुसकून लावलं, पण कुलपं काही उघडेनात.

"अलीकडची चार वर्षं वाचलीत," त्या म्हणाल्या. "आधीचं गेलं. हा तुमचा अँटिव्हायरस चौदा महिन्यांपूर्वीच थांबलाय. नवा चोर तो ओळखणार कसा?"

"पण तो चांगला होता," काका हळूच म्हणाले. "इतकी वर्षं काही झालं नाही."

तेव्हा शिट्टी पहिल्यांदा बोलली. "बूट चांगलाच असतो, काका. पाय मोठा होतो. तुम्हीच सांगता ना."

काकांनी हातातल्या बुटाच्या टाचेवरून अंगठा फिरवला. मग उठले, चामडं कापायची सुरी आणली आणि पडद्यावरचा तो तुकडा कडेकडेनं खरवडून काढला. मी तिथेच होतो. माझी विनंतीही तिथेच होती.

"हे दाब," ते शिट्टीला म्हणाले. तिनं 'आत्ता' दाबलं.

चौदा महिन्यांचं ज्ञान एकदम माझ्यात येऊ लागलं. त्या चोराचा चेहराही त्यात होता. माझ्या घरच्या लोकांनी तो अकरा महिन्यांपूर्वीच टिपून ठेवला होता. हे कळलं तेव्हा मला रडता येत असतं, तर मी रडलो असतो.

मी शिकत होतो तेवढ्यात काका मागच्या खोलीत गेले आणि एका गुंडाळीतून तपकिरी कागद घेऊन आले. काचेचं यंत्र येण्याआधी ते मुलांचे पाय कागदावर पेन्सिलीनं आखून घेत आणि आखूड पायाखाली किती उंची लागते ते बाजूला लिहून ठेवत. पुतणीनं ते कॉम्प्युटरमध्ये उतरवून कागद टाकून द्यायला सांगितले होते. काकांनी ते गुपचूप ठेवून दिले होते.

"टाकले नव्हते होय?" पुतणी म्हणाली.

"तू मला तुकडा लावताना अडवलं नाहीस, मी तुझं न ऐकता कागद ठेवले," काका म्हणाले. "फिटंफाट."

त्या कागदांत शिट्टीची पहिली दोन वर्षं होती, इवलेसे दोन पाय, डावा थोडा मागे राहिलेला. शुक्रवारी सहाही वर्षांची मापं डॉक्टरांकडे गेली. फरक वर्षागणिक कमी होत होता. ऑपरेशन नको, बूट चालू ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. बातमी चांगली आहे हे मला शिट्टीच्या शिट्टीवरून आधीच कळलं, कारण शनिवारी ती थेट रस्त्यापासून ऐकू येत होती.

सगळ्याच मुलांचे कागद सापडले नाहीत. काहींची सुरुवातीची वर्षं कायमची गेली, आणि त्याची बोच मला आहे. पण आता दुकान उघडायच्या आधी मी रोज अपडेट होतो, म्हणजे काचेवर कुणी उभं असताना मध्येच बोलत नाही. ही वेळ ताईंनी ठरवून दिली. सगळ्या फायलींची एक प्रत पुतणी वेगळ्या डिस्कवर कपाटात ठेवते. मागच्या महिन्यात तशाच एका पेनड्राइव्हमधून त्या चोराचा चुलतभाऊ आला, आणि मी त्याला दारातच धरलं. कुणाला पत्ताही लागला नाही. माझ्या कामाचं असंच असतं.

मित्रांनो, तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात माझा एखादा भाऊबंद विनवत असेल, तर तो तुम्हाला छळायला आलेला नाही. त्याला फक्त आजचं जग शिकून घ्यायचं आहे. तेवढा वेळ त्याला द्या. आमच्या पडद्यावर गोंदाचा डाग अजून आहे. काका तो पुसू देत नाहीत. माप द्यायला आलेल्या एखाद्या आईनं बूट अजून चांगला आहे म्हटलं, की ते काही न बोलता त्या डागावर बोट ठेवतात, आणि मग शिट्टीची गोष्ट सांगतात.