काळ्या कोटावरचा पट्टा

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी तो समोरच्या भिंतीवर रेंगाळतो. मग खिडकीच्या गजांमधून अंग चोरून आत शिरतो, शिलाई मशीनच्या चाकावर क्षणभर थबकतो, इस्त्रीच्या वायरवरून घसरतो आणि कातरलेल्या कापडांच्या ढिगावर पसरतो. हवेतले बारीक तंतू त्यात तरंगू लागतात. सर्वांत शेवटी तो खिडकीच्या कडीपाशी येतो आणि माझ्यावर टेकतो.

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. वाऱ्याने ही कडी वाजू नये म्हणून मला तिच्याभोवती गुंडाळले आहे. एके काळी माझ्या अंगावर इंद्रधनुष्याचे रंग होते. या सौम्य उजेडानेच ते रोज थोडेथोडे नेले. आता माझा लाल कोणता आणि नारिंगी कोणता, हे मलाही सांगता येत नाही.

मला घडवणारा शिंपी याच खोलीत राहतो. आपले प्रेम एका पुरुषावर आहे, हे त्याने घरी सांगितले, त्या दिवसापासून वडिलांनी त्याच्याशी अबोला धरला. वडीलही शिंपीच. सुई धरायला त्यांनीच शिकवले होते. त्या एकाकी काळात एका लोकप्रिय गायकाची गाणी तेवढी त्याच्या सोबतीला राहिली. म्हणून त्याच गायकाचा व्यवस्थापक कोट शिवून घ्यायला दारात आला, तेव्हा शिंप्याने हातातले काम तसेच बाजूला टाकले.

"काळा कोट, आणि पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत रंगीत पट्टा," व्यवस्थापक म्हणाला. "पण टिचबटणांवर हं, मास्टर. काढता-घालता आला पाहिजे."

"धुवायला ना?"

"धुवायला म्हणा हवं तर."

शिंप्याने टिचबटणे लावली. मग त्याला वाटले, नाचताना पट्टा सुटला तर? आणि हा माणूस तो मुद्दाम कशाला काढेल? त्याने दुहेरी दोरा ओवला आणि माझ्या काठाकाठाने बारीक टाके घातले. ते वडिलांनी शिकवलेले टाके होते, ओढून न सुटणारे.

मग माझे वैभवाचे दिवस आले. गायक प्रेक्षकांकडे पाठ वळवी, सगळे दिवे माझ्यावर येत, आणि तो म्हणे, "मी तुमचाच आहे!" ज्यांना घरी एक शब्द उच्चारता आला नव्हता, ते तरुण एकमेकांचे हात धरून रडत. बाहेर माझ्यासारखे पट्टे लावलेल्या टोप्या आणि सदरे हातोहात खपत.

"ही मंडळी एकदा जीव लावतात ना, मग सोडत नाहीत," व्यवस्थापक म्हणे. "दुसरं आहे कोण त्यांना?"

गायक आरशात पाहून हसे. ते हसू मला मायेचे वाटे.

एकदा गायक शिंप्याच्याच शहरात आला. शिंप्याने आईकरवी वडिलांना निरोप धाडला होता, हे मला मागाहून कळले. "एकदा येऊन बघा म्हणावं. ज्याला लोक डोक्यावर घेतात, तो माझे रंग पाठीवर मिरवतो. मग नका बोलू हवं तर."

वडील आले.

त्या कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्यांना मात्र रंग नको होते. "आज नुसता काळा कोट," व्यवस्थापकाने सांगितले. टिचबटणे पटापट सुटली. मी जागचा हललो नाही.

"शिवलंय की काय वेड्याने!"

मग कात्री चालली. मी खुर्चीखाली पडलो आणि तिथूनच कार्यक्रम ऐकत राहिलो. त्या दिवशी तो म्हणाला, "मी सगळ्यांचा आहे!" टाळ्या तेवढ्याच पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर शिंपी वडिलांना घेऊन रंगमंचामागे आला. व्यवस्थापकाने मला त्याच्या अंगावर भिरकावले. "टिचबटणं सांगितली होती ना, मास्टर? तुमच्या टाक्यांपायी कॉलर गेली कामातून!"

"बाबा, काहीतरी घोटाळा झाला असेल..." शिंपी पुटपुटला.

वडिलांनी मला त्याच्या हातातून घेतले, माझ्या काठावरून नख फिरवले. तुटलेले दोरे अजून तिथेच होते.

"टाका बारीक घातलायस," ते म्हणाले. अबोला धरल्यापासूनचे ते पहिले शब्द. मग त्यांनी विचारले, "कोणासाठी?"

वडिलांनी मला शिंप्याच्या तळहातावर ठेवले आणि ते एकटेच बसथांब्याकडे चालू लागले. ते पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, कोणाचे रंग अंगावर घ्याल, तर अडचणीच्या दिवशीही ते सांभाळा. ते पेलणार नसेल, तर त्यांना हात लावू नका. कोणीतरी आपला सारा भार त्या टाक्यांवर टाकलेला असतो. अर्थात, माझे ऐकून कोणी टिचबटणे लावायचे सोडेल, असे मला वाटत नाही.

शिंपी आजही आपल्या जोडीदाराला सांगतो, "त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसेल. ते सगळं त्या व्यवस्थापकाचं काम." मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण त्या वेळी कोट गायकाच्या मांडीवर होता. कात्री त्यानेच चालवली.