रबरी सांध्यातली चीर

मित्रांनो, नाशिक रोडच्या एका चाळीत, जिन्याखाली, मी उभी आहे. येणारे-जाणारे मला मोडकं दार समजतात. मी वाऱ्यावर चालणारी एक जुनी फळी आहे. माझ्यावर शीड उभं करून एक बाई गंगापूर धरणाच्या पाण्यावर जात असे.

१९८४ साली वर्तमानपत्रात अशा फळीचं चित्र आलं होतं. शाळेत खेळ शिकवणाऱ्या मंगलाबाईंनी ते आपल्या थोरल्या भावाला, निवृत्तीला दाखवलं. निवृत्ती सिन्नरच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायचा. सुट्टीच्या दिवशी खपून त्याने मला घडवलं. डोलकाठी सगळीकडे कलावी म्हणून तिच्या बुडाशी एक रबरी सांधा बसवला.

सुरुवातीला मी फार हट्टी होते. वारा लागला की माझं नाक वाऱ्याकडेच वळायचं आणि बाई पाण्यात पडायच्या. निवृत्ती काठावरून बघत राहायचा. एका रविवारी त्याने डोलकाठीचा पाय चार बोटं पुढे सरकवला. माझं वळणं थांबलं. मग त्याने माझ्या बुडाखालचं पातं मोठं केलं, तशी मी आडवी घसरेनाशी झाले. शेवटी खालची दोरी खेचून त्याने शिडाचा फुगा काढला. आता जोराच्या झोतातही बाईंचे हात ओढले जात नव्हते.

"दादा, आता ही माझं ऐकते," त्या म्हणाल्या.

मला अभिमान वाटला. पण मी जितकी ऐकू लागले, तितक्या त्या काठापासून लांब जाऊ लागल्या. आणि शिडाचा सगळा जोर त्या रबरी सांध्यावर पडत होता.

पुढच्या मे महिन्यातली एक दुपार. शीड चढवताना निवृत्तीचं बोट सांध्यावर थांबलं. रबराला चीर पडली होती. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती पाण्यात उतरायला उतावीळ झाली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून त्याने सांध्याभोवती घट्ट गुंडाळली. चीर झाकली गेली.

ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा चिमाजी जवळच होता. तो म्हणाला, "ताई, तिरमकाच्या डोंगराकडून वारा सुटलाय. आज लय लांब नका जाऊ."

"जाते आणि लगेच येते," बाई म्हणाल्या.

धरणाच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला. बाईंनी शीड अंगाकडे ओढलं. सांधा तुटला. शीड आणि डोलकाठी पाण्यात गेली. बाई माझ्यावर पालथ्या पडून मला घट्ट धरून राहिल्या. वारा आम्हांला धरणाच्या भिंतीकडे नेऊ लागला.

निवृत्तीने पाण्यात उडी घेतली. मला हाका ऐकू येत होत्या. "मंगल, फळी सोडू नको!" पण मला वारा ढकलत होता आणि निवृत्ती हातांनी पाणी कापत होता. आमच्यातलं अंतर वाढतच गेलं. हाका बारीक झाल्या. मग ऐकू आल्या नाहीत.

मी भिंतीच्या दगडांना लागले. बाईंचे गुडघे फुटले, पण त्या वर चढल्या. चिमाजी ट्यूब घेऊन निवृत्तीला शोधत फिरला. निवृत्ती तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर बाई पाण्यात उतरल्या नाहीत. कधीमधी जिन्याखाली येऊन माझ्यावर हात ठेवतात. "मी शीड जास्त ओढलं. माझ्यामुळे गेला दादा," असं पुटपुटतात. चीर त्यांना ठाऊक नाही. ती फक्त त्याने पाहिली होती आणि मी. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तूला कुठे चीर दिसली, तर ती झाकू नका. समोरचा माणूस कितीही आनंदात असो, त्याला थांबवून सांगा. तो थोडा वेळ रुसेल. रुसू द्या.